सबसॉयलर मारण्याआधी एक खड्डा खणा

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. श्रीरामपूरकडे चार एकर भारी काळं रान. तीन वर्षं ऊस होता, एक लागण आणि दोन खोडवे (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेली पिकं). शेवटचा खोडवा मार्चमधल्या अवकाळी पावसानंतर ओलीतच मोठ्या यंत्राने तोडला आणि ट्रॉल्या रानात घालूनच भरल्या. बुडखे काढायला लगेच दोनदा रोटाव्हेटर मारला आणि मृगावर सोयाबीन पेरलं. आता प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोन-दोन दिवस पाणी उभं राहतं, सोयाबीन पिवळं पडलंय, आणि उपटून पाहिलं तर मूळ पाच-सहा इंचांवर आडवं वळलेलं दिसतं. शेजारी म्हणतात सबसॉयलर (खोलवरचा घट्ट थर तडकवणारा फाळ) मारा, मेहुणे म्हणतात खोल नांगरा, आणि एका शिबिरात ऐकलं की नांगर कायमचाच सोडा. जानेवारीत सुरू हंगामाचा ऊस लावायचाय. तिघांतलं कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मी वाळवा तालुक्यात नऊ एकर करतो आणि सत्तावीस वर्षांपासून भाड्याने मशागत करून देतो. माझ्याकडे सबसॉयलर आहे. तो मारा असं सांगण्यात माझा फायदा आहे, म्हणून हे आधीच सांगितलं. तरीही माझं पहिलं सांगणं हे की आज कोणतंच अवजार ठरवू नका. तिघेही आपापल्या रानापुरते खरे असतील. तुमच्या रानाचं उत्तर मात्र दोन गोष्टींवर अवलंबून आहे : घट्ट थर नेमका किती खोलीवर आहे, आणि ज्या दिवशी लोखंड घालणार त्या दिवशी त्या खोलीवर किती ओल आहे. अवजार कोणतं हा प्रश्न त्यानंतरचा.

रान घट्ट होतं म्हणजे काय, ते आधी बघू. मातीच्या कणांचं वजन तेवढ्याच पाण्याच्या साधारण २.६५ पट असतं. पण चांगल्या रानातल्या मातीचं वजन पोकळीसकट केलं तर ते पाण्याच्या १.३ पटीच्या आसपास भरतं. म्हणजे निम्मी जागा रिकामी असते, तिथं हवा आणि पाणी राहतं. तीच माती दाबून १.६ पटीवर नेली की पोकळी चाळीस टक्क्यांवर येते. दहा टक्के गेले तर काय एवढं, असं वाटेल. पण जातात ती मोठी छिद्रं, कारण दाबाखाली तीच आधी मिटतात. पाणी खाली उतरतं आणि हवा आत येते ती याच छिद्रांतून. बारीक छिद्रं तशीच राहतात आणि ती पाणी धरून ठेवतात. हवेतून प्राणवायू जितका भराभर पसरतो त्याच्या दहा हजारावा भाग वेगाने तो पाण्यातून पसरतो, म्हणून पाण्याने भरलेल्या बारीक छिद्रांतल्या मुळांचा श्वास कोंडतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींना नत्र बांधायला हवा लागते, ती मिळाली नाही की जुनी पानं पिवळी पडतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल तर ती लोहाची ओढ आहे. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की तीही हमखास दिसते. दोन्हींचं मूळ कारण एकच असू शकतं.

एक इंच पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी. पाच-सहा इंचांवर वाट बंद असेल तर एवढं पाणी वरच्या वितभर मातीतच मावायला हवं. ते मावत नाही.

आता तुमच्या रानात हे कुणी केलं? दोघांनी केलं असावं, आणि दोघांचा थर वेगळ्या खोलीवर असतो. पाच-सहा इंचांवरचं वळण मला रोटाव्हेटरचं वाटतं. त्याची पाती इंग्रजी एल अक्षरासारखी वाकलेली असतात. टोकाचा आडवा भाग दर फेऱ्यात त्याच खोलीवर फिरतो. वरची माती भुसभुशीत होते, आणि खालच्या ओल्या मातीवर मात्र कुंभाराने हात फिरवावा तशी गुळगुळीत पाटी तयार होते. नांगर ओलीत घातला तर ट्रॅक्टरचं चाक घसरतं, इंजिन कण्हतं, चालवणाऱ्याला कळतं की आज नको. रोटाव्हेटर उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, चाक घसरतच नाही. म्हणून ज्या दिवशी रानात पाऊल टाकू नये त्या दिवशीही तो चालतो, आणि वरून रान इतकं सुरेख दिसतं की मालक खूष होतो. माझ्या मते आपल्या काळ्या रानांचं या अवजाराने जे नुकसान झालं ते यामुळेच. अवजार वाईट नाही. ते चुकीच्या दिवशीही चालतं ही त्याची अडचण आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका नोव्हेंबरात पाऊस लांबला होता, गव्हाच्या पेरण्या खोळंबलेल्या, फोनवर फोन येत होते. वर सुकल्यासारखं दिसलं म्हणून एकाच्या तीन एकरांत मी रोटाव्हेटर घातला. महिन्याने त्यांनी बोलावलं. बांधावर उभं राहून पाहिलं तर गव्हात माझ्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या फिकट पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसत होत्या. त्या घरचं वर्षाचं धान्य त्या रानातून येत होतं. त्या दिवसापासून मी खालची माती हातात घेतल्याशिवाय कुणाच्या रानात अवजार घालत नाही.

दुसरा थर ट्रॉलीचा आणि तोडणी यंत्राचा. वरच्या मातीवर दाब किती पडतो हे टायरमधल्या हवेवर ठरतं. पण तो दाब किती खोल जातो हे आसावर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) एकूण वजन किती यावर ठरतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा कमी असते. उसाच्या ट्रॉलीला मात्र ट्रकचे टायर असतात आणि त्यांत ऐंशी-शंभर पौंड हवा भरतात, कारण ट्रॉली डांबरी रस्त्यावर पळायची असते. म्हणजे वरचा दाबही जास्त आणि वजनही जास्त. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस असतो, एकेका आसावर पाच टन सहज येतं. मोठं तोडणी यंत्र स्वतःच दहा टनांच्या पुढचं असतं. कोरड्या रानात हे बऱ्यापैकी पेलतं, ओल्या रानात दाब फूट-दीड फुटापर्यंत उतरतो. तिथं नांगर पोचत नाही, रोटाव्हेटर तर नाहीच. आणि बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होतं. त्याच चाकोरीतून पुढच्या पाच फेऱ्या गेल्या तर थोडीच भर पडते. पाच ट्रॉल्या पाच वाटांनी गेल्या तर पाच वाटा बिघडतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपली काळी माती स्वतःला दुरुस्त करणारी आहे, मग दुरुस्त का झाली नाही, असा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. बेसाल्टपासून तयार झालेल्या या मातीतली चिकणमाती ओलीत फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा म्हणजे फुकटचा सबसॉयलर. कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू रानात वरचा फूटभर भाग दोन-तीन उन्हाळ्यांत बराच मोकळा होतो. पण उसाचं रान तीन वर्षं सुकलंच नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी पाणी, भेग पडायला सवडच नाही. पूर्वी रान उन्हाळाभर तापत पडायचं, आता आपण त्याला तापूच देत नाही. शिवाय यंदा मार्चमध्ये ऊस निघाल्यावर तुम्ही लगेच रोटाव्हेटर मारला. वर भुशाची चादर झाली, तिने खालची ओल झाकून ठेवली. एप्रिल-मेचं ऊन होतं, पण ते खालपर्यंत पोचलं नाही.

हे सगळं मी अंदाजाने बोलतोय, तुमचं रान पाहिलेलं नाही. पाणी साचणं आणि पीक पिवळं पडणं या दोन खुणा तीन वेगळ्या आजारांत सारख्याच दिसतात : घट्ट थर, चोपण (सोडियम वाढून बिघडलेली जमीन), आणि वर आलेली पाणीपातळी. चोपण रानात सबसॉयलर मारला तर पहिल्या पावसात फट पुन्हा चिखलाने बुजते. पाणीपातळी वर असेल तर मारून काहीच उपयोग नाही. म्हणून आधी खड्डा.

पाऊस उघडल्यावर तीन-चार दिवसांनी, वाफसा (मशागतीजोगी ओल) आला की तीन ठिकाणी दोन-दोन फूट खोल खड्डे घ्या. एक ट्रॉल्या वळल्या त्या टोकाला. एक रानाच्या मध्यावर. आणि एक बांधालगत, जिथं चाक कधी जात नाही अशा जागी. तिसरा खड्डा फार महत्त्वाचा. तुमची माती मुळात कशी आहे ते तोच सांगेल, नाहीतर कशाला घट्ट म्हणायचं हे कळणार नाही. फावड्याने कापलेली भिंत गुळगुळीत होते, ती बोटांनी थोडी ओरबाडून मोकळी करा. मग सुरीचं टोक वरून खाली दर इंचाला टोचत जा. हात जिथं अडतो तो इंच लिहून ठेवा, जिथं पुन्हा मोकळा होतो तोही लिहा. दोन्ही आकडे हवेत.

हे काम कोरड्या रानात करू नका. काळी माती सुकली की सगळीच दगडासारखी लागते, खरं काय ते कळत नाही. लोखंडी सळई दाबून पाहण्याचंही तसंच. सळई चालते, पण वाफशावर, आणि ती फक्त खोली सांगते. थर कशाचा आहे ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

भिंतीत काय बघायचं? ढेकूळ हातात घेऊन फोडा. चांगल्या मातीचं ढेकूळ दाण्यादाण्यांनी फुटतं. दाबलेल्या मातीच्या आडव्या वड्या निघतात. मुळं वड्यांच्या मधून चपटी होऊन गेलेली दिसतील. पुरलेलं पाचट वर्षभरानंतरही कुजलेलं नसेल, माती करडी-निळसर दिसत असेल आणि आंबूस वास येत असेल तर तिथं हवा नाही हे नक्की. एक फसवी खूण सांगून ठेवतो. काळ्या मातीत दीड-दोन फुटांखाली तिरप्या चकचकीत पाट्या नैसर्गिकच असतात, माती फुगता-आकसताना एकमेकींवर घासल्याने त्या होतात. त्या पाहून घाबरू नका. अवजाराची पाटी सपाट आडवी असते आणि अवजाराच्याच खोलीवर सापडते.

खड्ड्यात तासाभरात बाजूंनी पाणी पाझरून साचायला लागलं तर तुमचा प्रश्न मशागतीचा नाही, निचऱ्याचा आहे. विहिरीची पातळीही बघून ठेवा.

चोपण ओळखायला घरगुती रीत आहे. थराच्या खोलीवरचं बोराएवढं सुकं ढेकूळ घ्या. काचेच्या ग्लासात पावसाचं धरलेलं पाणी घ्या आणि ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका, चार-सहा तास तसंच राहू द्या. ढेकूळ फुटून तुकडे झाले पण पाणी नितळ राहिलं तर ठीक. तुकड्यांभोवती दुधासारखा ढग पसरला आणि पाणी गढूळच राहिलं तर सोडियम वाढलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. बोअरचं पाणी यासाठी घेऊ नका, त्यातल्या क्षारांमुळे माती विरघळत नाही आणि खोटा दिलासा मिळतो. ढग दिसला तर मातीपरीक्षण करून घ्या. सामू (pH) साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर निघालं तर आधी जिप्सम, निचरा आणि धैंचा (हिरवळीचं खत), लोखंड नंतर. जिप्समची मात्रा अहवालावरून काढतात, माझ्याकडून ऐकून टाकू नका.

समजा चोपण नाही, पाणीपातळीही खाली आहे, आणि थरच सापडला. आता खोलीवर निर्णय.

थर पाच ते आठ इंचांतच असेल, त्याखाली माती बांधाजवळच्या खड्ड्यासारखीच असेल, तर सबसॉयलरची गरज नाही. साधा मोगडा किंवा चिझेल नांगर (माती न उलथता फाडणारी अवजारं) थराच्या दोन इंच खाली चालवला की काम होतं. पलटी नांगरही थर उलथतो, पण नांगरताना ट्रॅक्टरची एका बाजूची चाकं उघड्या तासातूनच (नांगराने काढलेल्या चरातूनच) चालतात, म्हणजे आठ-दहा इंचांवरच्या मातीवर थेट. दरवर्षी त्याच खोलीवर नांगरणाऱ्यांच्या रानात नांगराचा थर सापडतो तो यामुळे. तुमच्या मेहुण्यांना सांगा की दोन-तीन वर्षांतून एकदा, कोरड्यात नांगरायला माझी हरकत नाही. दरवर्षी नको.

थर फूट-दीड फुटापर्यंत गेलेला असेल तर सबसॉयलर. पण त्याबद्दल तीन गोष्टी भाड्याने देणारा सहसा सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

पहिली, आणि सगळ्यात मोठी, ओल. सबसॉयलरने थर कापायचा नसतो, तडकवायचा असतो. कोरडी माती तडकते, ओली माती बाजूला सरकते. ओलीत फाळ घातला तर लोण्यातून सुरी गेल्यासारखी एक फट पडते, फटीच्या दोन्ही भिंती लिंपल्या जातात, आणि तुम्ही पैसे देऊन नवा थर उभा करून घेता. वरची माती सुकलीय म्हणून भागत नाही. थराच्या खोलीवरची माती काढून दोन तळहातांमध्ये वळा. उदबत्तीएवढी बारीक वात न तुटता वळता आली तर त्या दिवशी घरी जा. वळताना चुरा झाला तर नांगर-मोगडा चालेल. सबसॉयलरला त्याहून कोरडं हवं, वळायला घेतलं तरी एकत्र न येणारं. आपल्याकडे असे दिवस रब्बी निघाल्यावर, मार्च अखेर ते मे मध्यापर्यंत मिळतात. जानेवारीत नाही.

दुसरी, खोली. दोन फूट मारून देतो असं कुणी मोठेपणाने सांगितलं तर नको म्हणा. फाळ गरजेपेक्षा खोल गेला की माती वर उचलली जात नाही, फाळाच्या बाजूला दाबली जाते. थर चौदा इंचांवर संपत असेल तर सोळा-सतरा इंच पुरे. दोन तासांतलं अंतर खोलीच्या दीडपटीच्या पुढे नेऊ नका, साध्या बिनपंखी फाळाला तर खोलीएवढंच ठेवा. नाहीतर मधे न फुटलेल्या भिंती राहतात.

तिसरी, वीस फूट चालवून थांबायला सांगा आणि तासाला आडवा खड्डा घेऊन बघा. दोन्ही बाजूंना जमीन थोडी उचललेली दिसली, आत ढेकळं तडकलेली दिसली, तर पुढे जाऊ द्या. आत नुसती चकचकीत फट दिसली तर थांबवा, पंधरा दिवसांनी बोलवा. चांगला चालक यावर रागावत नाही.

फाळाने केलेली पोकळी टिकत नाही, हे मात्र मनात पक्कं धरा. नुकतं तडकलेलं रान पहिल्यापेक्षा नाजूक असतं, त्याला आतून आधार नसतो. त्याच वर्षी त्यावरून भरलेली ट्रॉली गेली तर ते पूर्वीपेक्षा वाईट बसतं, असं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. दरवर्षी सबसॉयलर मारणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत. मी त्यांना सांगतो की दरवर्षी लागतोय म्हणजे पहिल्या वर्षी काहीतरी चुकलंय. फट उघडी ठेवण्याचं काम मुळांचं. तूर, ताग, धैंचा यांची सोटमुळं त्या फटींत उतरतात, पीक निघाल्यावर कुजतात आणि नळी मागे ठेवतात. पुढच्या पिकाची मुळं आणि गांडुळं तीच वाट धरतात. आपले वडीलधारे याला बिवड म्हणायचे. तुरीचा बिवड चांगला, असं म्हणायचे तेव्हा त्यात नत्राइतकाच या नळ्यांचाही वाटा असणार.

आता जानेवारीच्या सुरू उसाबद्दल. मी तुमच्या जागी असतो तर यंदा लावला नसता. सोयाबीन ऑक्टोबरात निघेल, तेव्हा खाली ओल भरपूर असेल. त्या ओलीवर हरभरा घ्या, पाणी शक्यतो देऊ नका किंवा एखादंच द्या. हरभरा खालची ओल ओढून घेईल, मार्चमध्ये रान भेगाळेल. तेव्हा पुन्हा खड्डा घ्या, कदाचित थर निम्मा फुटलेला असेल आणि सबसॉयलरचा खर्च वाचेल. लागलाच तर एप्रिलमध्ये मारा. जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरा, फुलोऱ्याच्या आत गाडा, आणि १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात पूर्वहंगामी ऊस लावा. पाऊस लांबलेला असेल तर वाफशाची वाट बघा, तारखेची नको.

यात तुमचं जवळपास एक वर्ष उसाविना जातं. हे सांगणं मला सोपं आहे, सोसायचं तुम्हाला आहे. सोसायटीचं कर्ज, कारखान्याची नोंद, घरचा खर्च, हे मला माहीत नाही. जमत नसेल तर मधला मार्ग असा : दोन एकर सुरू लावा, दोन एकर या पद्धतीने न्या. सुरूच्या दोन एकरांत रोटाव्हेटर अजिबात नको, वाफशावर मोगड्याच्या उभ्या-आडव्या पाळ्या आणि सरी, एवढंच. ढेकळं थोडी राहिली तर राहू द्या. उसाच्या कांडीला पिठासारखी माती लागत नाही.

ऊस कधीही लावा, सरीचं अंतर पाच फूट ठेवा. ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधलं अंतर साडेचार फुटांच्या आसपास असतं. तीन-साडेतीन फुटी सरीत चाक उसाच्या कुठल्या ना कुठल्या बेटावरून (एका जागी फुटलेल्या झुबक्यावरून) जातंच. अंतर जुळलं की चाकं सऱ्यांत राहतात आणि बेट वाचतं. वर म्हटलं ना, नुकसान पहिल्याच फेरीत होतं. म्हणून वाटा ठरवा आणि सगळ्यांना त्याच वाटांनी जायला लावा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या ऊसपट्ट्यात वर्षानुवर्षं ऊसच घेतल्याने उत्पादन खालावलं, तेव्हा १९९३ पासून तिथं मोठा संशोधन प्रकल्प चालला. त्यांचा निष्कर्ष आपल्याला ओळखीचा वाटेल : ओळीचं अंतर यंत्राच्या चाकांशी जुळवा, मशागत कमी करा, पाचट ठेवा, आणि दोन ऊसपिकांमध्ये सोयाबीन किंवा भुईमुगासारखं द्विदल घ्या. तिथली शेतं प्रचंड आहेत आणि यंत्रं स्वतःची आहेत. आपल्याकडे तोडणी टोळीच्या आणि कारखान्याच्या हातात असते, हे मला कळतं. तरी ट्रॉली बांधावर उभी करून मोळ्या बाहेर काढून घेणं, निदान ओल असताना, मुकादमाशी बोलून जमवता येतं. चार पैसे जास्त द्यावे लागतील. मी देतो.

तोडणीआधी पाणी कधी तोडायचं हेही हातात असतं. भारी रानात तोडणीच्या तीन-चार आठवडे आधी पाणी बंद केलं तर रान बरंच वजन पेलतं. अवकाळी पाऊस आपल्या हातात नाही, पण पाऊस पडल्यावर तोड आठवडाभर पुढे ढकला अशी विनंती करता येते. मागच्या वेळी तुम्ही ती केली होती का, माहीत नाही. केली असेल आणि ऐकली गेली नसेल तर तुमचा दोष नाही.

नांगर कायमचा सोडण्याबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही, माझ्या स्वतःच्या नऊपैकी तीन एकरांत सहा वर्षं नांगर गेलेला नाही. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी कायमच्या गादीवाफ्यांची पद्धत बसवली, ती पाहून मला उमेद आली. पण एक फरक समजून घ्या. भाताची चिखलणी करून शेतकरी मुद्दाम खाली घट्ट थर तयार करतो, पाणी उभं राहावं म्हणून. तिथं चिखलणी बंद केली की रान हळूहळू मोकळं होत जातं. तुमचा थर पंधरा-वीस टनांच्या वजनाचा आहे. त्याच्यावर नुसती मशागत बंद केली तर मुळं आणि भेगा तो फोडतील, पण काही वर्षं लागतील आणि तेवढी वर्षं उत्पादन मार खाईल. स्वीडनसारख्या देशांत जिथं जमीन दर हिवाळ्यात गोठून फुगते, तिथंही आसावर दहा टन वजन दिलेल्या प्रयोगांत दीड फुटाखालचा दाब वर्षानुवर्षं टिकलेला आढळला. म्हणून माझा क्रम असा : खोल थर असेल तर एकदाच, कोरड्यात, नीट फोडा. मग मुळं भरा. मग मशागत कमी करत न्या. तणाचा बंदोबस्त कसा करणार हे आधी ठरवून ठेवा, बहुतेकजण तिथंच हार मानतात.

उभ्या सोयाबीनला आज काय? उताराकडे चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा, वाफसा आल्यावर फुलोऱ्याच्या आत असाल तर एक हलकी कोळपणी करा, वरची खपली फुटून हवा जाईल. युरियाचा मारा करू नका, मुळाला श्वास नसताना खत उचललं जात नाही. बैलकोळपं मिळालं तर उत्तम, ट्रॅक्टर आत घालू नका. पुढच्या खरिपात सोयाबीन घ्यायचं झालं तर रुंद वरंबा-सरीवर घ्या. पतंचेरूच्या इक्रिसॅटने १९७० च्या दशकात आपल्यासारख्याच काळ्या रानांसाठी ही रीत विकसित केली. वरंब्यावर पीक आणि सरीत पाणी व चाक, अशी दोघांची जागा वेगळी होते.

एप्रिलमध्ये जे काही कराल, त्यात एखादी तरी पट्टी तशीच सोडा. तिथं सबसॉयलर नाही, मोगडा नाही, बाकी सगळं सारखं. दोन्हीकडचं उत्पादन वेगळं मोजा. माझ्याकडे अशा पट्ट्यांच्या वह्या आहेत. काही रानांत फरक दोन बोटं दाखवण्याएवढाही आला नाही, काहींत डोळ्यांनी दिसला.

खड्डे घेतल्यावर मला चार गोष्टी कळवा : तिन्ही ठिकाणी थर कितव्या इंचावर सुरू झाला, कितव्या इंचावर संपला, ढेकळाचं पाणी नितळ राहिलं की गढुळलं, आणि मूळ थराच्या वर वळलं की आत शिरून वळलं. शेवटच्याचा जमला तर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्यावरून सबसॉयलर लागेल की मोगड्यावर भागेल ते सांगता येईल.